अस्मानी बारगीर

१९ मार्च १९४६ रोजी दुपारी इटलीत ज्याच्या त्याच्या घरी, आणि ज्याच्या घरी यंत्र नव्हते त्याच्या गल्लीतल्या कॉफीच्या दुकानी, लोक नभोवाणीला कान लावून बसले होते. महायुद्ध संपून अद्याप वर्ष झाले नव्हते. मिलानहून निघून समुद्रकाठच्या सान रेमो गावी संपणारी सुमारे २९० किलोमीटरांची सायकलींची जुनी शर्यत दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा भरत होती. वाटेत तुर्किनोचा घाट लागतो व माथ्यावर बोगदा आहे. त्या बोगद्यातून समुद्राच्या बाजूस पहिला स्वार बाहेर पडला, तो जवळजवळ एकटाच होता. सान रेमोला पोहोचला तेव्हा तर त्याच्या मागचा रस्ता पार मोकळा होता. निवेदकाने पहिल्याचे नाव सांगितले आणि दुसरा स्वार येईपर्यंत श्रोत्यांनी नृत्यसंगीत ऐकावे, असे जाहीर केले, अशी हकिकत इटलीत अजून सांगतात. दुसरा स्वार आला तो चौदा मिनिटांनी.

पहिल्याचे नाव फाउस्तो कोप्पी. त्याच्या अंगरख्यावर जो फिकट अस्मानी रंग होता तो मिलानच्या बियांकी कारखान्याचा. कोप्पीचे चरित्र पुष्कळांनी लिहिले आहे आणि एकट्याने पुढे जाणारा पुरुष म्हणूनच ते बहुधा लिहिले गेले आहे. बियांकीच्या पथकाचा इतिहास मात्र एकट्याचा नाही. मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत हे सर्वांना ठाऊक आहे. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. ज्याला घोडे सरकारातून मिळे तो बारगीर. इटलीच्या शर्यतींतही अगदी हेच दोन वर्ग प्रथमपासून होते. आपली सायकल, आपले टायर आणि आपली भाकरी घेऊन येणाऱ्यास तिकडे ‘इझोलातो’, म्हणजे एकाकी, म्हणत. आणि ज्याची सायकल, अंगरखा व पगार कारखान्याचा, तो त्या कारखान्याचा माणूस. या दुसऱ्या वर्गातही पुढे एक निराळी जात निर्माण झाली. तिचे नाव ‘ग्रेगारिओ’. हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ कळपातला. रोमन फौजेत साध्या शिपायास हे विशेषण लावीत. स्वतः जिंकावयाचे नाही, नायकाला जिंकवावयाचे, हा ग्रेगारिओचा धर्म.

बियांकीची कथा मात्र एका शिलेदारापासून सुरू होते. एदोआर्दो बियांकी १८६५ साली जन्मला व मिलानच्या अनाथालयात वाढला. तेथेच त्याने लोहारकामाचे व यंत्रकामाचे शिक्षण घेतले आणि १८८५ साली, वयाच्या विशीत, निरोने गल्लीत सात क्रमांकाच्या घरी स्वतःचे लहानसे दुकान थाटले. त्या काळची सायकल म्हणजे पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे वीतभर, अशी विचित्र वस्तू होती. दोन्ही चाके सारख्या मापाची करावी, साखळीने मागचे चाक फिरवावे आणि चाकांवर हवेचे टायर चढवावे, या सुधारणा इंग्लंडात व अन्यत्र होत होत्या. इटलीत त्या लवकर उचलणाऱ्यांत बियांकी होता. १८९५ साली मोन्झाच्या राजवाड्यातून त्याला बोलावणे आले. राणी मार्गेरिता हिला सायकल शिकावयाची होती. त्याने तिच्यासाठी सायकल बनविली आणि चालवावयासही शिकविले. कारखान्याच्या अस्मानी रंगाची एक दंतकथा अशी, की तो राणीच्या डोळ्यांचा रंग. दुसरी म्हणते तो मिलानच्या आभाळाचा. आणि तिसरी, जी व्यापाराच्या रीतीला अधिक धरून दिसते, ती अशी की लष्कराला पुरवून उरलेला रंग पांढऱ्यात मिसळला आणि हा तयार झाला. कोणती खरी हे ठरविण्याची आता सोय नाही, व गरजही नाही.

सायकली विकावयाच्या तर त्या धावताना लोकांना दिसल्या पाहिजेत, हे युरोपातील कारखानदारांच्या फार लवकर ध्यानी आले होते. वर्तमानपत्रांना खप हवा होता, कारखान्यांना गिऱ्हाईक हवे होते, आणि शर्यतींनी दोघांचेही काम होत असे. १९०३ साली फ्रान्समध्ये एका क्रीडापत्राने देशाला वळसा घालणारी शर्यत सुरू केली व तिला अफाट यश आले. इटलीतही तसे काही करावे, असे मिलानच्या ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’ या मातबर दैनिकाच्या मनात आले. बियांकी कारखाना त्याच्या मदतीला होता. बेत गुप्त होता. परंतु बियांकीची नोकरी सोडून गेलेल्या आंजेलो गात्ती नावाच्या गृहस्थाने आताला नावाचा प्रतिस्पर्धी कारखाना काढला होता. त्याच्या कानी ही कुणकुण गेली आणि त्याने ती ‘गात्सेत्ता देल्लो स्पोर्त’ या क्रीडापत्राच्या संपादकास कळविली. त्या पत्राची थैली रिकामी होती. तरीही तारा गेल्या, सुटीवर गेलेल्यांना परत बोलावण्यात आले आणि ७ ऑगस्ट १९०८ रोजी पत्राने पहिल्या पानावर जाहीर केले, की पुढील वर्षी इटलीची प्रदक्षिणा, म्हणजे ‘जिरो दितालिया’, आपण भरविणार. कोर्रिएरेने मोठ्या मनाने हार मानली आणि विजेत्यासाठी ३००० लिरांचे बक्षीसही देऊ केले. येणेप्रमाणे इटलीतील सर्वांत मोठी शर्यत बियांकीच्या हातून निसटली, तीही बियांकीच्याच जुन्या माणसामुळे.

१३ मे १९०९ रोजी मिलानहून १२७ स्वार निघाले. आठ टप्पे, २४४८ किलोमीटर, आणि रस्ते कसले तर बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे. परतले ४९. पहिला आला लुइजी गान्ना, पेशाने गवंडी, आणि सायकल आतालाची! विजयाच्या क्षणी काय वाटते असे विचारता त्याने मिलानच्या बोलीत, बसण्याच्या जागेची आग होते आहे, असे उत्तर दिले म्हणतात. बियांकीचा स्वार जोवान्नी रोस्सिन्योली तिसरा आला. निकाल वेळेवर नव्हता, गुणांवर होता. वेळ मोजली असती तर पहिला नंबर रोस्सिन्योलीचाच लागता. जिंकूनही हरण्याचा हा योग या पथकाच्या कपाळी पुढेही अनेकदा लिहिलेला होता. १९११ साली कार्लो गालेत्तीने जिरो जिंकून बियांकीला पहिले यश मिळवून दिले, परंतु पुढच्याच वर्षी हा गालेत्ती आतालाकडे निघून गेला.

ते १९१२ साल या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी, त्या एकाच वर्षी, जिरोची शर्यत व्यक्तींची न ठेवता चारचार जणांच्या पथकांची ठेवण्यात आली. गालेत्तीची वेळ सर्वांत कमी होती, पण त्याला वेगळा मान मिळाला नाही. जिंकले ते आतालाचे पथक. न्याय पाहिला तर हीच पद्धत सत्याला अधिक धरून होती. सायकलच्या शर्यतीत पुढचा माणूस वारा फोडतो आणि त्याच्या चाकाला चाक लावून येणाऱ्याचे श्रम चतुर्थांशाने, कधी त्याहूनही अधिक कमी होतात. एवढी एक गोष्ट मान्य केली, की एकट्याने शर्यत जिंकली हे बोलणे जवळजवळ निरर्थक ठरते. परंतु रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस पथकासाठी टाळ्या वाजवीत नाही. त्याला एक चेहरा व एक नाव हवे असते. दुसऱ्या वर्षी ती पद्धत सोडून देण्यात आली. काम चौघांचे आणि नाव एकाचे, ही व्यवस्था तेव्हापासून कायम झाली.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली गाएतानो बेल्लोनीने बियांकीला दुसरा जिरो मिळवून दिला. हा बेल्लोनी ‘सदाचा दुसरा’ म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे त्याचे पहिले येणे लोकांना विशेष गोड लागले. मग १९२२ साल उगवले. लेन्यानो कारखान्याच्या जोवान्नी ब्रुनेरोचे चाक पहिल्याच टप्प्यात निकामी झाले आणि त्याने आपल्या पथकातील सोबत्याचे चाक घेऊन शर्यत पुढे चालविली. नियमाप्रमाणे स्वाराने आपली दुरुस्ती आपणच करावयाची होती; सोबत्याचे चाक घेणे हा अपराध. बियांकी व माइनो या दोन कारखान्यांनी तक्रार केली. पंचांनी ब्रुनेरोस बाद न करता पंचवीस मिनिटांचा दंड केला. त्यावर दोन्ही पथके शर्यत सोडून घरी गेली आणि ब्रुनेरो जिंकला. आजच्या दृष्टीने या भांडणात हसण्यासारखे पुष्कळ आहे. सोबत्यास चाक देणे हे तर पुढे ग्रेगारिओचे पहिले कर्तव्य ठरले. परंतु नियम अद्याप शिलेदारांचे होते आणि फौज बारगिरांची झाली होती. नियम आणि व्यवहार यांत असे अंतर पडले म्हणजे काय होते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसास वेगळे सांगावयास नको.

दोन वर्षांनी, १९२४ साली, पैशांवरून मोठ्या कारखान्यांचे आयोजकांशी फाटले व कोणीच पथक पाठवीना. तेव्हा जिरो केवळ एकट्यादुकट्या शिलेदारांची झाली. राहण्याजेवण्याची सोय वर्तमानपत्राने केली. स्वार कमी पडतात म्हणून की काय, आल्फोन्सिना स्त्रादा नावाच्या स्त्रीसही प्रवेश मिळाला. तिच्या सायकलचे हँडल मोडले तेव्हा तिने झाडूचा दांडा बसवून टप्पा पुरा केला, असे सांगतात. वेळेची मर्यादा ओलांडल्यामुळे ती गणतीतून बाहेर गेली. तरी तिने मिलानपर्यंतचा सारा रस्ता पुरा केला. जिरोच्या इतिहासातील अत्यंत माणुसकीचे हे वर्ष. कारखाने पुढच्या वर्षी परतले.

परतल्यावर राज्य लेन्यानोचे झाले. आल्फ्रेदो बिंदाने त्यांच्या ऑलिव्ह रंगाच्या अंगरख्यात पाच वेळा जिरो जिंकला. तो इतका भारी झाला, की १९३० साली त्याने भागच घेऊ नये म्हणून आयोजकांनी त्याला २२,५०० लिरा दिल्या! बिंदानंतर त्याच पथकात जीनो बार्ताली आला. बियांकीला मात्र १९२० नंतर तब्बल सत्तावीस वर्षे जिरो मिळाला नाही. मधल्या काळात त्यांच्या ज्युझेप्पे ओल्मोने १९३५ साली मिलानच्या विगोरेल्ली मैदानावर तासाभरात ४५.०९० किलोमीटर जाऊन जागतिक विक्रम केला, हीच काय ती मोठी मिळकत.

१९४० साली लेन्यानोचा व्यवस्थापक एबेरार्दो पावेसी होता. आतालाच्या १९१२ च्या त्या चौघांतला हा एक. त्याने बार्तालीच्या दिमतीस वीस वर्षांचा एक कृश, लांब पायांचा मुलगा घेतला. पिएदमोन्त प्रांतातील कास्तेल्लानिया या डोंगराळ खेड्यातला तो शेतकऱ्याचा मुलगा. नोवी लिगुरे गावी खाटकाच्या दुकानात पोऱ्या म्हणून राहिला होता व सायकलवरून मांस पोचवीत असे. तोच फाउस्तो कोप्पी. दुसऱ्याच टप्प्यात बार्ताली रस्त्यात आलेल्या कुत्र्यामुळे पडला व मागे पडला. काही दिवसांनी आपेन्नीनो पर्वतातील टप्प्यात कोप्पी एकटा पुढे निघून गेला आणि शर्यतीचा अग्रणी झाला. यानंतर डोलोमाइट पर्वतात जे घडले ते विलक्षण होते. नायक बार्ताली आपल्या बारगिराचा बारगीर झाला. थकून सायकलवरून उतरू पाहणाऱ्या पोरास त्याने दटावून पुन्हा वर बसविले. ९ जून रोजी कोप्पी जिंकून मिलानला आला. १० जून रोजी इटलीने युद्ध पुकारले. जिरोचा सर्वांत तरुण विजेता म्हणून त्याचे नाव अजून राहिले आहे.

युद्धाच्या ऐन धुमाळीत, ७ नोव्हेंबर १९४२ रोजी, बाँबच्या भीतीखाली असलेल्या मिलानमध्ये कोप्पीने तासाचा विक्रम अवघ्या ३१ मीटरांनी पुढे नेला: ४५.७९८ किलोमीटर. नंतर तो फौजेत गेला आणि एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिसियात ब्रिटिशांच्या हाती कैदी झाला. पुढल्या दोन वर्षांत त्याच्या देशाच्या भूमीवर मराठा पलटणींचे जवान लढत होते. टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये देह ठेवला, सेनिओ नदीच्या काठी एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधव यांनी पराक्रम केला, आणि दोघांचाही व्हिक्टोरिया क्रॉसने गौरव झाला. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत कासेर्ताच्या ब्रिटिश छावणीत जो एक इटालियन कैदी चाकरी करीत होता, तो देशातला पहिला सायकलपटू होता.

१९४६ चा हंगाम कोप्पीने बियांकीच्या अस्मानी अंगरख्यात सुरू केला, आणि सान रेमोची शर्यत कशी झाली ते वर आलेच आहे. त्याच वर्षी म्हातारा एदोआर्दो बियांकी वारला. दुसऱ्या वर्षी कोप्पीने बार्तालीस १ मिनिट ४३ सेकंदांनी मागे टाकून कारखान्याचा सत्तावीस वर्षांचा उपवास सोडविला.

आता या पथकाच्या अंतरंगाकडे वळले पाहिजे. नोवी लिगुरे येथे बियाजो कावान्ना नावाचा एक अंध मालिश करणारा राहत असे. स्वाराच्या पायांवरून, पाठीवरून हात फिरवून हा कितपत चालेल ते तो सांगे. कोप्पीची पारख त्याने केली होती. आसपासच्या खेड्यांतील पोरे जमवून त्याने जणू एक तालीमच उघडली आणि त्या तालमीतून बियांकीचे ग्रेगारी आले: आंद्रेआ कार्रेआ, एत्तोरे मिलानो आणि इतर. कोप्पीचा धाकटा भाऊ सेर्से हाही पथकात होता. यांचा दिवस कसा जाई? सकाळी निघाल्यापासून नायकाच्या पुढे राहून वारा फोडावयाचा. त्याला तहान लागली की गावच्या कारंजावर, कधी दारूच्या गुत्त्यात शिरून, बाटल्या भरावयाच्या, त्या अंगरख्याच्या खिशांत कोंबावयाच्या आणि तेवढे ओझे घेऊन पुन्हा घोळका गाठावयाचा. त्याचे टायर पंक्चर झाले तर आपले चाक काढून द्यावयाचे आणि मग स्वतः रस्त्याच्या कडेला दुसऱ्या चाकाची वाट पाहत उभे राहावयाचे. प्रतिस्पर्धी पळाला तर त्याचा पाठलाग करून स्वतःचा दम संपवावयाचा, म्हणजे डोंगर लागेल तेव्हा नायकाचा दम शिल्लक राहील. आपण किती वाजता पोहोचलो हे संध्याकाळी कोणी विचारीत नसे. मोबदला म्हणून कारखान्याचा पगार असे आणि नायकाच्या बक्षिसाची रक्कम त्यांच्यात वाटली जाई. त्या काळच्या पिएदमोन्तमधील शेतमजुराच्या मानाने हे जिणे वाईट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. केवळ भक्तीने कोणी तीन आठवडे सायकल मारीत नाही.

१९४८ च्या जिरोत हे पथक पुन्हा रुसून घरी गेले. पोर्दोईच्या घाटात फियोरेन्त्सो मान्यी याला त्याच्या समर्थकांनी रांगेने उभे राहून ढकलीत वर नेले. पंचांनी दोनच मिनिटांचा दंड केला. बियांकीने शर्यत सोडली. मान्यी अकरा सेकंदांनी जिंकला आणि मिलानच्या मैदानात लोकांनी त्याची हुर्यो केली. सव्वीस वर्षांपूर्वी सोबत्याच्या चाकाबद्दल रुसलेले पथक आता प्रेक्षकांच्या हातांबद्दल रुसले. फरक एवढाच, की या खेपेस तक्रार रास्त होती. मदत करावयाची तर ती पथकाने, ज्यांनी पगार घेतला आहे त्यांनी. रस्त्यावरच्या जमावाने नव्हे.

मग १९४९ चा १० जून. कूनेओ ते पिनेरोलो, २५४ किलोमीटर, वाटेत आल्प्सच्या पाच खिंडी. पहिल्याच खिंडीत कोप्पी निघाला तो १९२ किलोमीटर एकटा चालत राहिला आणि बार्तालीच्या ११ मिनिटे ५२ सेकंद आधी पोहोचला. नभोवाणीचा निवेदक मारिओ फेर्रेत्ती याने एकच माणूस आघाडीवर आहे, त्याचा अंगरखा पांढरा आणि अस्मानी आहे, अशा अर्थाच्या शब्दांनी वार्तेस आरंभ केला. ते शब्द इटलीत म्हणीसारखे झाले आहेत. अंगरख्याचा रंग प्रथम आणि नाव मागाहून! कारखान्याला यापेक्षा मोलाची जाहिरात कोणी दिली नसती. कादंबरीकार दीनो बुत्साती त्या वर्षी वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून शर्यतीबरोबर फिरत होता. त्याला बार्तालीच्या जागी ट्रॉयचा हेक्टर आणि कोप्पीच्या जागी अकिलीझ दिसला. त्याच उन्हाळ्यात कोप्पीने तूर द फ्रान्सही जिंकली. एका वर्षात दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला.

तूर द फ्रान्स तेव्हा कारखान्यांची नसून राष्ट्रांची होती. म्हणजे बियांकीच्या स्वारांना अस्मानी अंगरखा उतरवून, एरवीच्या वैऱ्यांसह, इटलीचा अंगरखा चढवावा लागे. १९५२ साली गालिबिए घाटात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: पुढे कोप्पी, मागे बार्ताली, आणि दोघांचा हात एकाच पाण्याच्या बाटलीवर. कोणी कोणाला पाणी दिले, यावर इटलीत अनेक वर्षे वाद चालला. साहजिकच आहे. बाटली देणे हे ग्रेगारिओचे काम. देणारा कोण हे ठरले म्हणजे मोठा कोण हेही ठरणार होते.

त्याच शर्यतीत काही दिवस आधी, लोझान गावच्या टप्प्यात, आंद्रेआ कार्रेआ पळणाऱ्यांच्या एका टोळीबरोबर पुढे गेला. पळणाऱ्यांवर नजर ठेवणे हे त्याचे नेमून दिलेले काम होते. टोळीला कोणी गाठले नाही, आणि टप्पा संपल्यावर हिशेब झाला तेव्हा एकूण वेळेत कार्रेआ पहिला निघाला. पिवळा अंगरखा, ज्यासाठी माणसे जन्मभर धडपडतात, तो त्याला चढविण्यात आला. कार्रेआ रडू लागला. आनंदाने नव्हे, आपण नायकाच्या जागी बसलो, आता कोप्पी काय म्हणेल, या भीतीने. कोप्पीने त्याचे अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझचा डोंगर तूरमध्ये प्रथमच चढावयाचा होता. कोप्पी तेथे जिंकला आणि अंगरखा त्याच्याकडे गेला. ज्या माणसाला नायकाची एवढी भीती वाटली, तो तरुणपणी जर्मनांच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अश्रूंचा अर्थ लावणे कठीण होते. त्याला केवळ गुलामी म्हणून भागत नाही.

सेर्से कोप्पीच्याही वाट्याला एक विजय आला होता. १९४९ साली पॅरिस ते रूबे या दगडी रस्त्याच्या शर्यतीत फ्रेंच स्वार आंद्रे माए यास शेवटी चुकीची वाट दाखविण्यात आली. मागून येणाऱ्या घोळक्यात सेर्से पहिला आला. कित्येक महिने वाद चालून अखेर दोघांनाही विजेते ठरविण्यात आले. एवढा एक मोठा मान, तोही अर्धा. २९ जून १९५१ रोजी तूरीनमध्ये एका शर्यतीच्या अखेरीस सेर्सेचे चाक ट्रामच्या रुळात अडकले. पडून तो उठला, सायकलवरून हॉटेलात गेला, आणि त्याच दिवशी डोक्यातील मारामुळे वारला. त्यानंतर कोप्पी तूरमध्ये उतरला खरा, परंतु त्याचे चित्त शर्यतीत नव्हते.

१९५२ व १९५३ चे जिरो कोप्पीने बियांकीसाठी जिंकले. दुसऱ्यात स्तेल्वियोची २७५७ मीटर उंचीची खिंड प्रथमच घेण्यात आली होती व तेथे त्याने स्विस स्वार ह्यूगो कोब्लेटकडून अग्रस्थान हिरावले. बिंदाच्या पाच विजयांची बरोबरी झाली. पण एवढे असूनही कारखान्याचे दिवस फिरले होते. १९४६ साली व्हेस्पा आणि त्याच्या पुढच्या वर्षी लाम्ब्रेट्टा निघाली. ज्या कामगारासाठी सायकल हे वाहन होते, तो हप्त्याने स्कूटर घेऊ लागला. पाठीमागे चारचाकी येतच होती. सायकली खपत नाहीत तर सायकलींची पथके कोण पोसणार? १९५४ साली मान्यी याने चेहऱ्याला लावण्याच्या निव्हिया मलमाच्या कंपनीकडून पैसा आणला. सायकलशी संबंध नसलेल्या मालाचे नाव अंगरख्यावर येताच पुष्कळांनी नाके मुरडली. आणि लवकरच सर्वांनी तेच केले. बियांकीने १९५५ साली फियाट व पिरेल्ली यांच्यासह मोटारींची निराळी कंपनी काढली. १९५६ साली कोप्पी कार्पानो नावाच्या मद्याच्या अंगरख्यात दिसला, दोन वर्षांनी एकदा अस्मानी रंगात परत आला, आणि पुन्हा गेला. डिसेंबर १९५९ मध्ये आफ्रिकेत अपर व्होल्टा येथे प्रदर्शनी शर्यतीस गेला असता त्याला हिवताप जडला. इटलीतल्या डॉक्टरांना तो ओळखता आला नाही. २ जानेवारी १९६० रोजी तो वारला, वय चाळीस. त्याच दौऱ्यात आजारी पडलेला त्याचा बियांकीतील जुना फ्रेंच सोबती राफाएल जेमिनियानी फ्रान्समध्ये योग्य औषध मिळून बचावला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९७३ पासून फेलिचे जिमोंदी अस्मानी अंगरख्यात आला व १९७६ साली, तेहतिसाव्या वर्षी, त्याने जिरो जिंकला. १९८० साली सायकलींचा कारखाना पियाज्जोकडे, म्हणजे ज्यांच्या व्हेस्पाने सायकल मागे सारली त्यांच्याचकडे गेला! १९९७ पासून मालकी स्वीडिश उद्योगाकडे आली. १९९८ साली मार्को पांतानी याने जिरो व तूर दोन्ही जिंकल्या त्या बियांकीच्या सायकलीवर, मात्र अंगरख्यावर मोठे नाव एका फर्निचरच्या दुकानमालिकेचे होते. २००३ साली बुडालेल्या एका जर्मन पथकाच्या जागी काही आठवड्यांत बियांकीच्या नावाने पथक उभे राहिले. त्यातील यान उलरिख तूरमध्ये ६१ सेकंदांनी दुसरा आला. पहिल्याचे विजेतेपद पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात रद्द झाले आणि ती जागा कोणालाच देण्यात आली नाही. ते पथक त्याच वर्षाअखेर संपले.

कास्तेल्लानिया गावाचे नाव २०१९ साली कायद्याने कास्तेल्लानिया-कोप्पी असे करण्यात आले. तेथे एकाच समाधिस्थानी फाउस्तो आणि सेर्से शेजारी शेजारी आहेत. कार्रेआ त्याच भागात राहत असे आणि म्हातारपणीही सायकल चालवीत असे. २०१३ च्या जानेवारीत, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो वारला; वर्तमानपत्रांनी त्याचे जे छायाचित्र छापले ते बहुधा पिवळ्या अंगरख्यातील होते, जो त्याने एकच दिवस घातला होता.